गृहवनस्पतींसाठी आर्द्रतानियमन

उष्ण कटिबंधातील दमट अरण्यांतून आलेल्या आणि घरात कुंडीत वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींभोवतीची हवा त्यांना मानवेल इतकी ओलसर राखण्याच्या पद्धतींना आर्द्रतानियमन म्हणतात. कॅलॅथिया, मरांटा, अँथुरियम, फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणि हंसराजासारखे नेचे यांच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण यांतील बहुतेक वनस्पती मूळच्या प्रदेशात मोठ्या वृक्षांच्या सावलीत जमिनीलगत किंवा झाडांच्या खोडांवर अपिवनस्पती म्हणून वाढतात आणि तेथील हवा वर्षाचा बराच काळ बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते.

पानांवरील पर्णरंध्रे कार्बन डाय-ऑक्साइड आत घेण्यासाठी उघडतात, तेव्हा पानातील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या बाष्पोच्छ्वासाचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वाढला की रंध्रे मिटतात, वाढ मंदावते, कोवळी पाने गुंडाळली जातात आणि कडा करपतात. सर्पपर्णीसारख्या (स्नेक प्लांट) काही वनस्पती रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात व पानांत पाणी साठवतात. त्यामुळे कोरड्या खोलीतही त्या निर्वेध वाढतात आणि त्यांच्यासाठी आर्द्रतेची खटपट करण्याचे कारण नाही.

हवेतील प्रत्यक्ष बाष्प आणि त्या तापमानाला हवेत मावू शकणारे कमाल बाष्प यांचे टक्केवारीतील गुणोत्तर म्हणजे सापेक्ष आर्द्रता. या वनस्पतींना साधारणपणे 60 टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्रता हवी, असे सांगितले जाते. परंतु तापमान न सांगता दिलेला हा आकडा अपुरा आहे. पानातून पाणी किती ओढले जाईल, हे संपृक्त बाष्पदाब (हवेत मावू शकणाऱ्या कमाल बाष्पाचा दाब) आणि प्रत्यक्ष बाष्पदाब यांतील तुटीवर अवलंबून असते. 25 अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब सुमारे 3.2 किलोपास्कल, तर 40 अंशांना सुमारे 7.4 किलोपास्कल असतो. म्हणून आर्द्रता दोन्ही वेळा 60 टक्केच असली, तरी 25 अंशांना ही तूट सुमारे 1.3 आणि 40 अंशांना सुमारे 3 किलोपास्कल भरते, म्हणजेच दुपटीहून जास्त. खोली थंड राखणे हेही आर्द्रतानियमनच आहे, आणि उन्हाळ्यात बहुधा तेच अधिक परिणामकारक ठरते.

बंदिस्त हवेचे महत्त्व लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्या निरीक्षणामुळे स्पष्ट झाले. त्यांच्या बागेतील नेचे कोळशाच्या धुराने मरत असत. 1829 च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका झाकलेल्या बाटलीत ठेवला असता त्या मातीत नेचा व गवत उगवले आणि वरून पाणी न घालताही टिकले. दिवसा मातीतून उठलेली वाफ काचेवर साकळून पुन्हा मातीत मुरत होती. 1833 मध्ये त्यांनी काचेच्या दोन पेट्यांतून वनस्पती जहाजाने सिडनीला पाठविल्या आणि त्या जिवंत पोहोचल्या. पुढे वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे भारतात आणली. आजचे टेरेरियम (काचेच्या भांड्यातील बंदिस्त बाग) आणि काचेच्या कपाटात झाडे ठेवण्याची पद्धत हे या वॉर्ड पेटीचेच वारस आहेत.

घरगुती उपायांपैकी सर्वांत लोकप्रिय म्हणजे पानांवर पाणी फवारणे, आणि परिणामाच्या दृष्टीने तोच सर्वांत दुबळा. फवारलेले पाणी थोड्याच वेळात खोलीच्या हवेत विरून जाते, शिवाय पाने वारंवार ओली राहिल्यास त्यांवर बुरशीचे व जिवाणूंचे ठिपके पडण्याचा संभव वाढतो. खडे व पाणी घातलेल्या ताटलीवर कुंडी ठेवण्याचा लाभही काही सेंटिमीटर उंचीपुरताच असतो, आणि तेथेही कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. झाडे एकत्र ठेवल्यास बाष्पोच्छ्वासामुळे त्यांच्यामधील हवा किंचित ओलसर राहते. खोलीची आर्द्रता खरोखर वाढवायची असेल, तर ह्यूमिडिफायर (हवेत बाष्प सोडणारे उपकरण) किंवा बंदिस्त जागा हेच भरवशाचे मार्ग आहेत. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या ह्यूमिडिफायरमध्ये जड पाणी घातल्यास त्यातील क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पानांवर बसतात. त्यासाठी पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी वापरावे.

पानांची टोके तपकिरी झाली की दोष कोरड्या हवेला दिला जातो, पण कारण पुष्कळदा पाण्यात असते. दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातील क्षार कुंडीत साचत जातात आणि मुळांचे पाणी शोषणे अवघड होते. अनियमित पाणी आणि कुजलेली मुळे यांचेही लक्षण हेच. त्यामुळे उपकरण विकत घेण्याआधी माती व मुळे तपासावीत आणि हवेची आर्द्रता प्रत्यक्ष मोजावी. स्वस्त आर्द्रतामापकात काही टक्क्यांची चूक असते. ती पाहण्यासाठी ओलसर मिठाची वाटी व मापक हवाबंद डब्यात काही तास ठेवावेत. आतील हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते आणि मापकाचा आकडा तिच्याशी ताडून पाहता येतो.

पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी बाहेरील आर्द्रता अनेकदा 25 टक्क्यांच्या खाली उतरते, आणि विदर्भात तिच्या जोडीला तीव्र उष्णताही असते. तेथील कूलर व वाळ्याच्या ओल्या ताट्या हवा एकाच वेळी थंड आणि दमट करतात, त्यामुळे बाष्पदाबाची तूट दोन्ही बाजूंनी घटते; झाड कूलरच्या थेट झोतात नसले म्हणजे झाले. एसी याउलट हवेतील पाणी काढून घेतो. थंड देशांत अडचण हिवाळ्यात येते : बाहेरची शून्य अंशाची संपृक्त हवा घरात 20 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 26 टक्के राहते. तेथील मराठी घरांत खिडकीशी ठेवलेला कढीपत्ता हिवाळ्यात पाने गाळतो, त्याला मात्र मुख्यतः थंडी व अपुरा प्रकाश कारणीभूत असतात. अशा घरांत आर्द्रता फार वाढविल्यास खिडक्यांवर पाणी साकळते आणि भिंतींना बुरशी धरते.

कोकण, गोवा व मुंबईत पावसाळ्यात प्रश्न नेमका उलटा होतो. हवा संपृक्त झाली की बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबतो, त्या प्रवाहाबरोबर कोवळ्या पानांकडे जाणारे कॅल्शियम कमी पडते आणि कुंडीतील माती दिवसेंदिवस ओली राहून मुळे कुजतात. या काळात पाणी कमी द्यावे, कुंड्यांमध्ये अंतर ठेवावे, टेरेरियमचे झाकण उघडे ठेवावे आणि मंद पंखा चालू ठेवून पानांभोवतीची हवा हलती राखावी.