चावी शिरते, पण फिरत नाही

मोटारीच्या इग्निशनमध्ये चावी नीट शिरते, पण तसूभरही फिरत नाही, अशा वेळी बहुतेकांचा पहिला प्रयत्न जोर लावण्याचा असतो. नेमका हाच प्रयत्न सर्वांत महागात पडतो. चावीचा धातू कुलपाच्या मानाने मऊ असतो, त्यामुळे ती पिळवटते किंवा आतच तुटते, आणि काही मिनिटांत सुटणारी अडचण अख्खे कुलूप बदलण्यापर्यंत जाते. वास्तविक अशा वेळी कुलूप बहुधा मोडलेले नसते. ते कशामुळे अडले आहे, हे समजले की पुढचा मार्ग आपोआप दिसतो.

हे एक कुलूप दोन कामे करते. मागच्या बाजूचा विजेचा स्विच ते फिरवते आणि त्याच वेळी स्टिअरिंगच्या दांड्यातील खाचेत घुसलेला पोलादी खिळाही मागे ओढते. हा खिळा चोरांसाठी आहे. पश्चिम जर्मनीत १९६३ मध्ये जुन्या-नव्या सर्वच मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे झाले आणि तेथील मोटारचोरीत लक्षणीय घट झाली, इतका तो उपयोगी ठरला. मात्र चावी न फिरण्याचे सर्वांत सामान्य कारणही हाच खिळा आहे.

बडोद्यात रावपुरा किंवा दांडिया बाजारासारख्या दाटीच्या भागात गाडी मिळेल त्या जागेत वळवून, पुढची चाके कडेच्या दगडाला टेकवून उभी करावी लागते. अशा वेळी जमिनीला चिकटलेल्या टायरचे रबर पीळ बसलेल्या स्थितीत राहते आणि ते सरळ होऊ पाहते. ही ओढ चाकांकडून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत पोहोचते, आणि खाचेची भिंत खिळ्याच्या एका बाजूवर दाबली जाते. दोन पृष्ठभाग जितक्या जोराने एकमेकांवर दाबले जातात तितके त्यांच्यातील घर्षण वाढते, हा घर्षणाचा मूळ नियम येथे लागू होतो. दाब पुरेसा असेल तर बोटांच्या चिमटीतून चावीला मिळणारे बळ खिळा ओढण्यास अपुरे पडते.

उपाय घर्षणाशी झगडण्याचा नाही, दाब काढून घेण्याचा आहे. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावीकडे आणि उजवीकडे ढकलून पाहावे. एका बाजूला ते मुळीच हलत नाही, कारण तिकडे खिळा खाचेच्या भिंतीला आधीच टेकलेला असतो. दुसऱ्या बाजूला मात्र रबराची लवचीक ओढ हाताला जाणवते. या दुसऱ्या बाजूला स्टिअरिंग थोडे धरून ठेवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावी अलगद फिरवावी. खिळ्यावरचा दाब उतरताक्षणी ती सहज फिरते. स्टिअरिंगला झटके देण्याची गरज नसते.

एवढे करूनही चावी अडली, तर लक्ष कुलपाच्या गाभ्याकडे वळवावे लागते. घराच्या लॅचमध्ये बारीक पिनांची रचना असते, जिचे पेटंट लायनस येल यांनी १८६१ मध्ये घेतले. मोटारीत बहुधा तिच्याऐवजी पितळेच्या चपट्या पात्या वापरतात. फिरत्या गाभ्यात अशा अनेक पात्या एकामागे एक बसवलेल्या असतात. प्रत्येकीच्या मध्ये चौकोनी भोक असते आणि एक चिमुकली स्प्रिंग तिला एका बाजूला ढकलत असते, त्यामुळे पातीचे टोक गाभ्याबाहेर येऊन कवचाच्या खाचेत अडकते. चावी या भोकांतून आत जाते आणि तिच्यावरचे चढ-उतार प्रत्येक पातीला नेमके इतके सरकवतात की तिची दोन्ही टोके गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात. सगळ्या पात्या एकाच वेळी आत आल्या, तरच गाभा फिरतो. एकच पाती किंचित बाहेर राहिली, तरीही तो अडतो.

चावीवरच्या खाचांच्या खोलीच्या दोन लगतच्या मापांमधील फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे रोजच्या वापराने होणारी झीज किती निर्णायक ठरते ते कळते. चावीच्या कडा गोलावतात, पात्याही झिजतात, आणि एक दिवस दोघींची झीज मिळून मर्यादा ओलांडते. म्हणून घरात ठेवलेली, फारशी न वापरलेली दुसरी चावी लावून पाहणे ही मला सर्वांत उपयुक्त तपासणी वाटते. ती फिरली तर दोष चावीचा. तीही अडली तर दोष कुलपाचा. झिजलेल्या चावीवरून नवी चावी करून घेण्यात मात्र अर्थ नाही, कारण चावीवाल्याचे यंत्र समोरच्या चावीची झीजसुद्धा इमानाने उतरवून घेते. मूळ चावीसोबत मिळालेल्या पट्टीवर क्रमांक असेल, तर त्यावरून मूळ मापाची चावी कापता येते. ती पट्टी जपून ठेवणे फार मोलाचे आहे.

तिसरे कारण घाणीचे आहे, आणि बडोद्यात त्याला विशेष महत्त्व आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरातील अनेक वसाहतींत शिरले आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. पुराचे पाणी ओसरते, पण त्यातील बारीक गाळ पात्यांच्या खाचांत बसतो, आणि ओलाव्यामुळे स्प्रिंगा गंजतात. एखादी अशक्त झालेली स्प्रिंग पातीला जागेवर ढकलू शकत नाही. अशा कुलपात आधी पटकन उडून जाणारा साफ करणारा फवारा मारून, चावी अनेकदा आत-बाहेर करून ती प्रत्येक वेळी पुसून काढावी, आणि कुलूप कोरडे झाल्यावर ग्रॅफाइटची बारीक पूड थोडीशी घालावी. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, त्यामुळे ते कोरडे राहूनही वंगणाचे काम करते. खोबरेल किंवा इंजिनचे तेल मुळीच घालू नये. पहिल्या दिवशी बरे वाटते, पण धूळ त्याला चिकटत जाते आणि पुढे आत लगदा तयार होतो.

चावी फिरते पण इंजिन सुरू होत नाही, हा निराळा प्रश्न आहे. तेथे बॅटरी, स्टार्टर, विजेचा स्विच किंवा चावीतील चिप ओळखणारी यंत्रणा तपासावी लागते. त्यासाठी कुलपात काही घालून उपयोग नाही.

चावीच्या जुडग्याचाही विचार करायला हवा. घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या चाव्या एकाच कडीत अडकवल्या की खड्ड्यागणिक त्यांचे वजन गाभ्याला हिसके देते आणि झीज वाढते. त्याहून गंभीर धोका स्विचचा पकडजोर, म्हणजे चावीला जागेवर धरून ठेवणारे बळ, कमी असताना उद्भवतो. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये याच दोषासाठी लाखो मोटारी परत बोलावल्या. त्यांत जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी धावत्या गाडीतच मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसत.

सर्व उपाय थकले तर गाभा बदलावा लागतो. हे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे, कारण त्याच जागी एअरबॅगच्या तारा असतात आणि बॅटरी सोडवून काही वेळ थांबल्याशिवाय तेथे हात घालणे धोक्याचे असते. अनेक गाड्यांत कुलपाचे कवच अशा बोल्टांनी बसवलेले असते, ज्यांची डोकी आवळतानाच तुटून पडतात, म्हणजे चोराला पाना लावायला काही उरत नाही. मिस्त्रीलाही ते ड्रिलने काढावे लागतात. कवच शाबूत असेल तर पूर्ण संच घेण्याआधी एक गोष्ट अवश्य विचारावी: जुन्या चावीच्या मापाप्रमाणे नव्या गाभ्यात पात्या बसवून मिळतील का? तसे झाले तर दरवाजा आणि इग्निशन दोन्हींसाठी एकच चावी राहते, आणि तिच्यातील चिपही पूर्वीप्रमाणे चालते.