कृत्रिम श्वसन आणि फुप्फुसांतील हवेची मापे

स्वतःचा श्वास पुरेनासा झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत यंत्राच्या दाबाने हवा भरणे आणि ती पुन्हा बाहेर पडू देणे, याला कृत्रिम किंवा यांत्रिक श्वसन म्हणतात. हे काम करणारे यंत्र म्हणजे व्हेंटिलेटर. न्यूमोनिया, विषबाधा, सर्पदंश, मेंदूला मार अशा अनेक कारणांनी ते लावावे लागते. व्हेंटिलेटर मूळ आजार बरा करत नाही. औषधे लागू पडायला किंवा शरीर सावरायला लागणारा वेळ तो मिळवून देतो. हा वेळ मिळवताना फुप्फुसांना इजा होऊ न देणे हीच यातली खरी कसोटी आहे. त्यासाठी फुप्फुसांत हवा किती येते-जाते, किती मावते आणि किती कायम शिल्लक राहते, हे आधी समजून घ्यावे लागते.

हवेची मापे

शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिली हवा आत घेतो आणि तेवढीच सोडतो. हे टायडल व्हॉल्यूम. त्यानंतर जोर लावून आणखी सुमारे ३ लिटर हवा आत घेता येते. तसेच नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर जोर लावून आणखी लिटर-सव्वा लिटर बाहेर काढता येते. या तिन्हींची बेरीज म्हणजे व्हायटल कपॅसिटी. धडधाकट पुरुषात ती साडेचार ते पाच लिटर भरते, स्त्रियांत त्याहून कमी. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरने घेतलेली ही मापे प्रसिद्ध केली आणि व्हायटल कपॅसिटी उंचीबरोबर वाढते हे दाखवून दिले. उंचीचा हा संबंध पुढे व्हेंटिलेटरच्या हिशेबात कळीचा ठरला.

कितीही जोर लावला तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा आत उरतेच. ती बाहेर येत नसल्याने साध्या स्पायरोमीटरला सापडत नाही. हेलियम मिसळलेली हवा श्वासातून देऊन किंवा रुग्णाला हवाबंद पेटीत बसवून ती मोजतात.

शांतपणे श्वास सोडून झाल्यावर, पुढचा श्वास सुरू होण्याआधी फुप्फुसांत जेवढी हवा असते तिला फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी, थोडक्यात एफआरसी म्हणतात. प्रौढात ती साधारण अडीच लिटर असते. या क्षणी आकसू पाहणारी फुप्फुसे आणि फाकू पाहणारा बरगड्यांचा पिंजरा यांची ओढ बरोबरीत येते. पाठ्यपुस्तकांत हे माप इतर मापांच्या रांगेत एका ओळीत उरकले जाते, पण अत्यवस्थ रुग्णाच्या दृष्टीने त्याच्याइतके महत्त्वाचे माप दुसरे नाही. ही हवा आत असते म्हणून वायुकोश, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या, प्रत्येक श्वासागणिक मिटत नाहीत. शिवाय शरीराचा प्राणवायूचा साठा मुख्यतः तिथेच असतो. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला सुमारे २५० मिली प्राणवायू वापरतो. साध्या हवेवर असताना श्वास थांबला, तर हा साठा मिनिट-दीड मिनिटात धोक्याच्या पातळीला येतो. आधी काही मिनिटे शुद्ध प्राणवायू देऊन एफआरसी त्याने भरून घेतली, तर निरोगी माणसाला सात-आठ मिनिटांची सवड मिळते. घशात नळी घालण्याआधी डॉक्टर मास्क घट्ट धरून प्राणवायू देतात तो यासाठीच. उताणे झोपल्यावर, भूल दिल्यावर, गरोदरपणात आणि लठ्ठपणात एफआरसी घटते, त्यामुळे अशा रुग्णांना ही सवड फार थोडी मिळते.

आत घेतलेली सगळीच हवा कामाची नसते. सुमारे १५० मिली हवा श्वासमार्गातच राहते आणि रक्तापर्यंत पोचत नाही. ही डेड स्पेस. मिनिटाला १२ वेळा ५०० मिली श्वास घेतला तर एकूण ६ लिटर हवा येते-जाते आणि वायुकोशांना ४.२ लिटर मिळते. तेच २४ वेळा २५० मिली घेतले तरी एकूण ६ लिटरच होतात, पण वायुकोशांच्या वाट्याला फक्त २.४ लिटर येतात. भराभर, उथळ श्वास घेणारा रुग्ण पुष्कळ दमतो आणि तरीही गुदमरतो, याचे कारण या गणितात आहे.

ओढलेली हवा आणि ढकललेली हवा

नैसर्गिक श्वासात श्वासपटल खाली सरकते, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते. १९२८ मध्ये बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी वापरात आणलेले ‘लोखंडी फुप्फुस’ याच तत्त्वावर चाले. रुग्णाचे डोके बाहेर, बाकी शरीर पेटीत, आणि पेटीतली हवा तालात कमी-जास्त केली जाई. पोलिओच्या अनेक रुग्णांना त्याने जगवले.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा ब्लेग्डाम रुग्णालयात अशा पेट्या जवळजवळ नव्हत्याच. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलली. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र रुग्णांशेजारी बसून पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. आजचा अतिदक्षता विभाग आणि हवा ढकलणारा व्हेंटिलेटर, दोन्हींचा उगम बऱ्याच अंशी त्या वॉर्डात आहे. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या साध्या साधनाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

ढकललेल्या हवेची किंमतही असते. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, म्हणून यंत्र लावताच काहींचा रक्तदाब कोसळतो. दाब जास्त झाला तर फुप्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत साठू शकते.

यंत्रावरचे आकडे

डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी ठरवतात: दर श्वासाची हवा, मिनिटाला किती श्वास, हवेत प्राणवायू किती टक्के, आणि पीप नावाचा दाब. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. यंत्रावर तो १०० टक्क्यांपर्यंत नेता येतो, पण फार काळ जास्त ठेवणे फुप्फुसांना अपायकारक असते. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये हवेचे माप नक्की असते आणि दाब बदलतो; प्रेशर कंट्रोलमध्ये दाब नक्की असतो आणि हवा बदलते. रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला की प्रेशर सपोर्टवर यंत्र फक्त हातभार लावते.

पीप म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही श्वासमार्गात शिल्लक ठेवलेला दाब, सहसा ५ सेंमी पाण्याइतका किंवा गरजेप्रमाणे जास्त. मिटू पाहणारे वायुकोश तो उघडे ठेवतो, म्हणजेच घटलेली एफआरसी परत मिळवून देतो. हे एकक काय आहे ते नवजात बालकांच्या विभागातल्या बबल सीपॅपमध्ये डोळ्यांना दिसते. बाळाच्या नाकातून येणाऱ्या नळीचे टोक पाण्यात ५ सेंमी बुडवलेले असते. तेवढ्या पाण्याला हटवल्याशिवाय हवा बाहेर पडू शकत नाही, म्हणून तेवढा दाब फुप्फुसांत टिकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या वायुकोशांत त्यांना उघडे ठेवणारा सरफॅक्टंट हा पदार्थ कमी असतो, तिथे या साध्या साधनाचा मोठा आधार होतो.

हवा भरल्यावर क्षणभर प्रवाह थांबवून मोजलेला दाब म्हणजे प्लॅटो प्रेशर. तो ३० सेंमी पाण्याच्या आत ठेवतात. भरतानाचा सर्वोच्च दाब वाढला पण प्लॅटो तेवढाच राहिला, तर अडचण वाटेत असते: नळीत कफ साचला, नळी दुमडली किंवा श्वासनलिका आवळल्या. दोन्ही वाढले तर फुप्फुस किंवा छातीच ताठर झाली आहे. अलार्म वाजल्यावर पहिला शोध इथून सुरू होतो.

निरोगी फुप्फुस, आजारी फुप्फुस

मण्यार चावलेल्या माणसाची फुप्फुसे सहसा ठणठणीत असतात. विषाने स्नायू लुळे पडलेले असतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना असे दंश होतात आणि जागेवर वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. वाटेत हाताने दाबायची अँब्यू बॅग आणि पुढे काही दिवस व्हेंटिलेटर मिळाला, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जातो. त्याच्या पापण्या उघडत नाहीत, हात हलत नाही, बाहुल्याही प्रतिसाद देईनाशा होऊ शकतात, पण तो शुद्धीत असतो आणि ऐकत असतो. त्याला मेंदूमृत समजण्याची चूक होऊ नये. त्याच्या खाटेशी निराशेचे बोलणेही करू नये.

एआरडीएस या फुप्फुसांच्या गंभीर अवस्थेत गोष्ट उलटी असते. १९६७ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या अवस्थेत वायुकोशांत पाणी भरते आणि फुप्फुसाचा लहानसा भागच हवेला मोकळा उरतो. पूर्वी अशा रुग्णांनाही भरपूर हवा दिली जाई आणि ती सगळी त्या उरलेल्या भागावर आदळून तोही खराब होई. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिली हवा दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हा किलो काट्यावरचा नव्हे, उंचीवरून काढलेला असतो, कारण वजन वाढले तरी फुप्फुसे वाढत नाहीत. १६० सेंमी उंचीच्या स्त्रीचे हे वजन सुमारे ५२ किलो येते, म्हणजे श्वास साधारण ३१५ मिलीचा. ती प्रत्यक्षात ९० किलोची असली तरी तेवढाच. रोज १६ तास किंवा अधिक पालथे झोपवण्याचा उपयोग २०१३ मध्ये सिद्ध झाला आणि कोविडच्या काळात तो घरोघरी माहीत झाला.

दम्यात प्रश्न हवा बाहेर पडण्याचा असतो. श्वास पूर्ण सुटण्याआधी पुढचा आत आला तर हवा कोंडत जाते. म्हणून इथे श्वासांची संख्या कमी ठेवून सोडायला जास्त वेळ देतात.

यंत्र काढणे

व्हेंटिलेटरवर श्वासपटलाचे स्नायू काही दिवसांतच क्षीण होऊ लागतात, आणि नळीमुळे जंतुसंसर्गाचा धोका दर दिवशी राहतो. म्हणून झोपेची औषधे रोज कमी करून रुग्ण स्वतःच्या बळावर अर्धा तास श्वास घेऊ शकतो का, हे तपासतात. मिनिटाच्या श्वासांना लिटरमधील टायडल व्हॉल्यूमने भागून येणारा आकडा १०५ पेक्षा कमी असेल तर यश मिळण्याची शक्यता अधिक, असे यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये दाखवले. २० श्वास आणि ०.४ लिटर असतील तर आकडा ५० येतो. ३६ श्वास आणि ०.२५ लिटर असतील तर १४४, म्हणजे अजून घाई नको. आधार दीर्घकाळ लागणार असेल तर गळ्याला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमी करतात.

नळी निघाल्यावर आवाज काही दिवस घोगरा राहतो आणि गिळण्याची क्रियाही कच्ची असू शकते, त्यामुळे पाणी श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. नातेवाइकांनी पहिला घोट देण्याआधी परिचारिकेला विचारावे.