लेहचं ऊन आणि नागपूरचं ऊन

जुलै २०२४ च्या अखेरीस लेहची बरीच विमानं रद्द झाली आणि कारण दिलं गेलं उकाड्याचं. माझा मामा तेव्हा तिथेच अडकला होता. फोनवर आवाज चढलेला. "अरे, बाहेर तेहतीस डिग्री आहे. तेहतीस! आपल्या नागपुरात पंचेचाळीसला विमानं उडतात न रे? सीटा भरल्या नसतील, म्हणून हे बहाणे."

मामाची चिडचिड समजण्यासारखी होती, पण गणित चुकत होतं. ते गणित मला फार आवडतं, त्यामुळे त्याला फोनवरच ऐकवायला सुरुवात केली. त्याने दोन मिनिटांत फोन ठेवला. तुम्ही जरा जास्त वेळ थांबाल अशी आशा आहे.

दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. रिकामी. म्हणजे आत नुसती हवा. मे महिन्यात ४५ अंशांना नागपूरच्या या खोलीतली हवा साधारण ३० किलो भरेल. हीच खोली लेहला नेली, तर ३३ अंशांना आतली हवा २२ किलोच्या आसपास. पाणी गोठायची थंडी पडली तरी साडेचोवीस किलोच. म्हणजे रखरखत्या नागपूरची हवासुद्धा गारठलेल्या लेहपेक्षा दाट! नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच उरतो. शाळेतलं वायूंचं समीकरण आठवा: घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि केल्विनमधल्या (सेल्सिअस अधिक २७३) तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. लेहला मूळ दाबच कमी. त्यात पहाटेचे १० अंश दुपारी ३३ झाले, की उरलेल्या हवेतली आणखी साडेसात टक्के गेली.

आता पंखाकडे या. पंख हवेला खाली ढकलतो आणि ती हवा पंखाला वर ढकलते. मिळणारी उचल हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. घनता ३० ची २२ झाली, तर तेवढंच वजन उचलायला वेग सुमारे १७ टक्के वाढवावा लागतो. गंमत म्हणजे वैमानिकासमोरचा वेगमापक हा फरक दाखवतच नाही. तो हवेचा धक्का मोजतो, आणि विरळ हवेत तेवढाच धक्का बसायला विमानाला जमिनीवरून जास्त जोरात पळावं लागतं. काटा तोच, चाकं मात्र सुसाट.

वेग १७ टक्के वाढला, की त्याचा वर्ग सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. धावपट्टी त्या वर्गाच्या हिशोबाने लागते. पण इंजिनालाही तीच पातळ हवा खावी लागते. त्याचा रेटा घटतो, वेग धरायला वेळ लागतो. दोन्ही धरून ढोबळ हिशोब केला, तर त्याच विमानाला लेहच्या दुपारी नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा जवळजवळ दुप्पट धाव लागते. आणि लेहची धावपट्टी पावणेतीन किलोमीटर, नागपूरची ३.२!

खरी मेख याच्या पुढे आहे. धावताना एका ठरावीक वेगापर्यंत वैमानिक ब्रेक मारून थांबू शकतो. तो वेग ओलांडला की उडायचंच, मग एक इंजिन बंद का पडेना. उरलेल्या एका इंजिनावर चढत राहायचं, तेही समोर आणि बाजूला डोंगर उभे असताना. चढण्याची ताकद म्हणजे रेट्यातून हवेचा अवरोध वजा करून जी शिल्लक उरते ती. रेटा थोडासाच घटला, तरी शिल्लक झपाट्याने आटते. पगार दहा टक्के कमी झाला की बचत अर्धी होते, तसंच. म्हणून वैमानिक विमानतळाची नुसती उंची बघत नाहीत, 'घनता-उंची' बघतात, म्हणजे हवेच्या घनतेवरून विमानाला जाणवणारी उंची. १० अंशांना विमानाला लेह ३,८०० मीटरवर असल्यासारखं वाटतं, ३३ अंशांना साडेचार हजारांवर. त्यातून दुपारनंतर सिंधूच्या खोऱ्यात वारा सुटतो. म्हणून तिथली वाहतूक मुख्यतः सकाळी उरकतात.

जाता जाता कापराबद्दल. लेहला निघालेल्या बऱ्याच मराठी गटांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी असते. 'ऑक्सिजन वाढतो' म्हणे. कापूर ऑक्सिजन तयार करत नाही. उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाणही तेच असतं, २१ टक्के. दाब कमी असल्यामुळे एका श्वासात येणारी एकूण हवाच कमी. वास घेऊन तरतरी वाटली, तर ती नाकाला. उतरल्यावर दोन दिवस विश्रांती घ्या, आणि दम लागलाच तर डॉक्टर गाठा.

तर, हवा विरळ झाल्यावर वैमानिकाच्या हातात काय उरतं? वजन. विमानाचा सांगाडा कमी करता येत नाही, इंधन एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही. राहतात माणसं, बॅगा आणि माल. समजा, १८० आसनांपैकी ४० रिकामी ठेवावी लागली. त्या फेरीचा खर्च मग १४० जणांवर पडतो, म्हणजे माणशी २९ टक्के जास्त. पुण्याहून फिरायला जाणाऱ्याला हा फक्त महागडा हंगाम वाटतो. लडाखी माणसासाठी हिवाळ्यात श्रीनगरकडचा झोजिला घाट बर्फाने बंद झाला, की दिल्लीला किंवा चंदीगडला रोगी न्यायला, सुट्टीला मुलं घरी आणायला विमानच लागतं. कारगिलकडच्या अडकलेल्या लोकांची थंडीत हवाई दलाची एएन-३२ विमानं ने-आण करतात.

उन्हाळ्यात गोष्ट जर्दाळूंची. २०२१ मध्ये लडाखची ताजी जर्दाळू दुबईला गेली, २०२२ मध्ये तिथल्या 'रक्तसे कारपो' या जातीला भौगोलिक मानांकन मिळालं. ताजं जर्दाळू काही दिवसांचं धनी, वाळवलेलं वर्षभराचं. ताज्याला चांगला भाव हवा तर ते झाडावरून थेट विमानात जायला हवं. आणि ते पिकतं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे हवा सर्वांत विरळ, पर्यटक सर्वांत जास्त आणि मालाला जागा सर्वांत कमी, त्याच आठवड्यांत. बाजार, रस्ता, सरकार यांच्यावर सगळे बोलतात. केल्विनमधल्या तापमानाबद्दल कुणी बोलत नाही.

१९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं. २०२२ मध्ये पाच लाखांहून जास्त लोक तिथे गेले. २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या होती २,७४,२८९. काही जण मोटरसायकलवरून जातात हे खरं, पण चार दिवसांची रजा काढून जाणारा विमानानेच येतो, आणि होमस्टेच्या खोल्या त्याच्याही भरवशावर बांधल्या गेल्या आहेत.

या सगळ्याची सुरुवात २४ मे १९४८ ला झाली. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा विमान लेहला उतरवलं. केबिनमध्ये दाब राखायची सोय नाही, मार्गाचे नकाशे नाहीत. उतरले ती कच्ची धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी इंजिनीअरने गावकऱ्यांना घेऊन तयार केली होती. लेहचं मोठं सरकारी रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. तिथून दिल्लीला हलवावं लागणारे रोगी विमानतळावरूनच जातात.

मामा तिसऱ्या दिवशी परतला, पहाटेच्या विमानाने. आसपासच्या तीन सीटा रिकाम्या होत्या म्हणे. "बघ, सीटा भरल्याच नव्हत्या!" असं अजूनही सांगतो.