बक्षिसाचे टोकन मिळवण्यासाठी वॉलेटचे गुप्त शब्द द्यावे लागतात का?

क्रिप्टो आणि एआय प्रकल्पांसाठी भाषांतर, चाचणी किंवा चुका शोधण्याचे काम करणाऱ्यांमध्ये एक समज जुना आहे: बक्षिसाचे टोकन (डिजिटल चलनाची एकके) जमा होण्याआधी 'पडताळणी'साठी वॉलेटचे, म्हणजे असे टोकन सांभाळणाऱ्या अ‍ॅपचे, 12 किंवा 24 गुप्त शब्द कळवावे लागतात. हे खरे नाही.

टोकन स्वीकारण्यासाठी वॉलेटचा सार्वजनिक पत्ता पुरतो. खात्यात पैसे भरणाऱ्याला खाते क्रमांक लागतो, पिन लागत नाही, तसेच हे आहे. गुप्त शब्दांपासून खासगी किल्ली तयार होते आणि तिच्याच डिजिटल सहीने टोकन बाहेर जातात, त्यामुळे शब्द ज्याच्या हाती, त्याला संपूर्ण शिल्लक हलवता येते. हे शब्द पासवर्डसारखे बदलताही येत नाहीत. ते उघड झाल्यास नवे वॉलेट काढून शिल्लक तातडीने तिकडे न्यावी लागते.

याची खात्री कोणालाही करता येते. नवे, रिकामे वॉलेट उघडून त्यात चाचणी नेटवर्कवरचे (केवळ सरावासाठीचे) विनामूल्य टोकन मागवावेत: वॉलेटबाबत विचारला जातो तो पत्ताच, आणि तोच ब्लॉक एक्सप्लोररमध्ये (व्यवहारांच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकला की जमा झालेली नोंद दिसते.

गोंधळाला एक समजण्याजोगे कारण आहे. काही प्रकल्पांत टोकन आपणच 'क्लेम' करायचे, म्हणजे मागून घ्यायचे असतात आणि त्याचे नेटवर्क शुल्क आपल्या वॉलेटमधून जाते. तेथेही शब्द लागत नाहीत. मात्र सही करण्यापूर्वी वॉलेट नेमकी कशाची परवानगी मागत आहे ते वाचावे, कारण 'अप्रूव्ह' केल्याने आपले टोकन हलवण्याची मुभा समोरच्याला मिळू शकते.