गाडी घरी वर उचलताय? जॅक घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी. ऑइल बदलायला, ब्रेक पॅड टाकायला, नाहीतर खालून खडखड कुठून येतेय ते बघायला लोक आमच्याकडून जॅक नेतात, आणि बिल करताना आम्ही विचारलं की घरी स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय) आहेत का, तर बऱ्याचदा उत्तर येतं, "जॅक घेतोय ना, मग स्टँड कशाला?" म्हणून आता प्रत्येक जॅकसोबत हा कागद देतोय, कामाला हात घालायच्या आधी वाचा प्लीज.

जॅकचं काम गाडी उचलायचं, धरून ठेवायचं नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलावर असतो आणि ते तेल रबरी सील आणि व्हॉल्व्हच्या भरवशावर अडलेलं असतं, सील झिजलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा आला की जॅक बसतो, कधी हळूहळू तर कधी एकदम. गाडीसोबत मिळालेला कात्री जॅक तर फक्त स्टेपनी लावण्यापुरता. स्विफ्टसारखी छोटी गाडी पण 900 किलोच्या आसपास असते, इनोव्हा क्रिस्टा पावणेदोन टनाच्या घरात जाते. त्यामुळे गाडी फक्त जॅकवर असताना खाली जायचं नाही, पडलेला नट उचलायला पण नाही.

आता जागा. उतार नको, सोसायटीच्या रॅम्पजवळ तर अजिबात नको. कोबा किंवा काँक्रीट सगळ्यात बरं, मुरूम, माती आणि उन्हात मऊ पडलेलं डांबर यात स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड प्लायचा तुकडा घालाच. पेव्हर ब्लॉकवर वेगळीच भानगड होते: ट्रॉली जॅकची वाटी (गाडीला खालून टेकणारा भाग) सरळ वर जात नाही, गोलाईत जाते, म्हणून जॅक स्वतः थोडा सरकायला लागतो, आणि त्याची छोटी चाकं दोन ब्लॉकच्या फटीत अडकली की जॅक जागेवर आणि वाटी गाडीखालच्या जॅक लावायच्या पॉइंटवरून निसटायला लागते. उचलताना एक नजर त्या चाकांवर ठेवा, सरकत नसतील तर खाली घ्या, मोठा सपाट प्लाय टाका आणि परत लावा.

हँडब्रेकबद्दल नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, म्हणजे मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. गिअरमध्ये ठेवली म्हणाल तर बहुतेक छोट्या गाड्यांत गिअर पुढच्या चाकांना धरतो, आणि पुढचं एक चाक जरी हवेत गेलं तरी तो धरत नाही, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) हवेतलं चाक फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं होतं. ऑटोमॅटिकच्या पी (पार्किंग) चं पण तेच. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दोन्हीकडून लाकडी गुटके लावायचेच. चाक काढायचं असेल तर नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करून घ्या, वर उचलल्यावर पान्यावर जोर लावला की सगळी गाडी हलते.

जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात चित्रासकट असतं. बहुतेक कारमध्ये दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दोन खाचांच्या मधली जागा. ऑइल चेंबर, प्लास्टिकचं क्लॅडिंग, पातळ पत्रा, ब्रेकचा किंवा सीएनजीचा पाइप यावर कधीच नाही. बोलेरोसारख्या चासीच्या (खाली वेगळी लोखंडी चौकट असलेल्या) गाडीला चासीवर उचललं तर चाक खाली लोंबतं आणि स्टँडची उंची कमी पडते, मग मागे एक्सलखाली लावलेलं सोपं पडतं.

गाडी उचलली की लगेच स्टँड, दोन्ही बाजूला एकाच उंचीवर. स्टँड रॅचेटचा (दातांत जीभ अडकून उंची धरणारा) असेल तर आतली जीभ दातात पूर्ण बसलीय का ते बोटाने नाही, डोळ्याने बघा, हँडल खाली दाबून बघा आणि मग जॅक अगदी हळू सोडत भार स्टँडवर येऊ द्या. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने लाखो स्टँड याच कारणासाठी परत मागवले होते, दात आणि जीभ नीट अडकत नव्हते. आम्ही स्वतः पिनवाला स्टँडच घ्या सांगतो, आरपार पिन गेली की शंका उरत नाही. लिहिलेले टन एका स्टँडचे की जोडीचे ते पण लेबलवर वाचून घ्या. आणि विटा, सिपोरेक्स (बांधकामाचे हलके सिमेंट) ब्लॉक हे प्रकार नकोच, ते वाकत नाहीत, सरळ फुटतात.

भार बसल्यावर गाडीला बाजूने चांगला धक्का देऊन बघा, हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. काढलेलं चाक दाराच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक पण पॉइंटला टेकवून राहू द्या. गाडीत कोणी बसलेलं नको, इंजिन चालू नको, लहान मुलं लांब, आणि घरात कुणाला तरी सांगून मगच खाली जा.

घरात जुने स्टँड पडले असतील तर घेऊन या दुकानात, वेल्डिंग, दात आणि पिन बघून सांगतो चालतील का नाही, त्याचे पैसे घेत नाही.