ग्लेअरचा उंबरठा : एचडीआर छायाचित्रांच्या कमांड-लाइन विश्लेषणाची पार्श्वभूमी

खोलीतील प्रकाशाने डोळे कितपत दिपतील (म्हणजे ‘ग्लेअर’ किती होईल), याचा अंदाज सूत्राने बांधण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटन आणि अमेरिकेत चालू होते. ती सूत्रे मुख्यतः दिव्यांसाठी होती. पुढे खिडकीसाठी आलेला डीजीआय हा निर्देशांकही मोठ्या कृत्रिम प्रकाशफलकांवरील प्रयोगांतूनच बेतलेला होता. शिवाय सूत्रात घालण्याचे आकडे ल्युमिनन्स (म्हणजे पृष्ठभाग डोळ्याला किती उजळ दिसतो ते) मोजणारा मीटर एकेका ठिकाणी रोखून टिपावे लागत, त्यामुळे दिपवणारा स्रोत कोणता हे मोजणाऱ्याने डोळ्यांनीच ठरवलेले असे आणि त्यावर वाद होण्याचे कारण नव्हते.

तो निर्णय यंत्राकडे गेला १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘रेडिअन्स’ ही प्रकाशगणनेची प्रणाली आकारास आली आणि तिच्यासोबत, लाल, हिरवा व निळा या तिन्ही घटकांना एकच सामाईक घातांक देऊन प्रत्येक पिक्सेल ३२ बिटांत साठवणारी एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला सामावणारी) चित्रपद्धतीही आली. या चित्रातील तीन घटकांच्या भारित बेरजेला १७९ने गुणले की ल्युमिनन्स थेट कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो. युनिक्स या संगणक प्रणालीच्या रीतीने, एका कामाला एक छोटा प्रोग्रॅम अशी वाटणी झाली होती: ‘फाइंडग्लेअर’ स्रोत हुडकून त्यांची यादी देई आणि ‘ग्लेअरेन्डेक्स’ त्या यादीवरून हवा तो निर्देशांक काढी. काही सांगितले नाही, तर सरासरी ल्युमिनन्सच्या सातपट उजळ असलेला भाग फाइंडग्लेअर स्रोत मानी.

पुढचा टप्पा २००६चा. फ्रायबुर्ग आणि कोपनहेगन येथे सत्तरहून अधिक व्यक्तींना खऱ्या दिवसाप्रकाशात, खऱ्या खिडक्यांपाशी कामाला बसवून डीजीपी (दिवसाप्रकाशातील ग्लेअरची संभाव्यता) हा निर्देशांक तयार करण्यात आला आणि त्याच्यासोबत ‘इव्हॅलग्लेअर’ हा प्रोग्रॅम आला. डीजीपीचे वेगळेपण असे की, त्यात डोळ्याच्या पातळीवर उभ्या प्रतलात पडणारा एकूण प्रकाश ही स्वतंत्र संज्ञा आहे, आणि स्रोत व आसपासचा उजेड यांतील तफावत त्याशेजारी लॉगॅरिदममध्ये बसते. उभा प्रकाश ५००० लक्स असेल तर पहिली संज्ञा (सुमारे ०.२९) आणि ०.१६ हा स्थिरांक मिळूनच ०.४५ ही वरची मर्यादा ओलांडली जाते, मग चित्रात एकही स्रोत सापडो वा न सापडो.

तरीही स्रोत ठरवण्याचा उंबरठा (म्हणजे किती उजळ भाग दिपवणारा स्रोत मानायचा ती मर्यादा) हा या साऱ्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त निर्णय ठरला. तीन मार्ग होते: ठरावीक ल्युमिनन्स, संपूर्ण चित्राच्या सरासरीची पट, किंवा कामाच्या जागेच्या (म्हणजे टेबल व संगणकाचा पडदा यांच्या) सरासरीची पट. २००६च्या अभ्यासाने तिसरा मार्ग पसंत केला, कारण माणसाची नजर ज्या उजेडाला सरावलेली असते तो उजेड कामाच्या जागेचाच असतो, असा त्यामागील तर्क होता. प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मात्र कामाची जागा न दिल्यास संपूर्ण चित्राच्या सरासरीची पाचपट गृहीत धरली जाई, आणि बहुतेक वापरकर्ते कामाची जागा देतच नसत.

या पाचपटीत एक साधा गणिती दोष आहे, ज्याची चर्चा फार उशिरा झाली असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दृश्याचा एक पंचमांश किंवा त्याहून अधिक भाग एकसारख्या उजळ खिडकीने व्यापलेला असेल, तर ती खिडकी सरासरीच्या पाचपटीपेक्षा उजळ असूच शकत नाही, कारण सरासरी तीच वर ओढते. निम्मे दृश्य ५८०० आणि निम्मे २०० कँडेला प्रति चौरस मीटर असेल तर सरासरी ३००० आणि उंबरठा १५,००० येतो; समोर बसलेला माणूस डोळे चोळत असताना यादी रिकामी राहते. उलट अंधाऱ्या खोलीत साधा दिवाही यादीत शिरतो. डीजीपी पहिल्या संज्ञेमुळे काही प्रमाणात तरून जातो. पण यूजीआर (दिव्यांच्या ग्लेअरचा निर्देशांक) आणि डीजीआय हे स्रोतांच्या यादीवरच उभे असल्याने त्यांचे आकडे उंबरठ्यासरशी बदलतात. नंतरच्या आवृत्त्यांत उंबरठा ठरवणाऱ्या ‘-बी’ या पर्यायाची मूळ किंमत २००० अशी ठरावीक करण्यात आली. १०० किंवा त्याखालचा आकडा दिला तर तो पट म्हणून वाचला जातो, त्याहून मोठा दिला तर कँडेलांत. ठरावीक उंबरठा डोळ्याच्या सरावाचा विचार करत नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि मंद उजेडातील खोल्यांत तो जाणवतोही. मात्र दिवसाप्रकाशातील उजळ दृश्यांसाठी त्याने तुलना तरी शक्य केली.

कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रांनी वेगळ्या अडचणी आणल्या. चौकटीत सूर्य आला की सेन्सर संपृक्त होतो (त्याहून उजळ काही नोंदवू शकत नाही) आणि चित्रातून काढलेला उभा प्रकाश लक्स मीटरपेक्षा कमी भरतो. म्हणून बाहेर मोजलेली किंमत देण्यासाठी ‘-आय’ हा पर्याय आहे. दुसरी अडचण क्षुल्लक दिसते: चित्रे एकत्र करणाऱ्या ‘पीकॉम्ब’सारख्या साधनांतून चित्र गेले की हेडरमधील (फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींतील) दृश्याची ओळ टॅबने आत सरकते, ती ग्राह्य धरली जात नाही आणि १८० अंशांच्या फिशआय भिंगाची माहिती पुन्हा हाताने द्यावी लागते.

२०१८च्या ईएन १७०३७ या युरोपीय मानकाने डीजीपीच्या ०.३५, ०.४० आणि ०.४५ या मर्यादा स्वीकारल्या आणि हा आकडा संशोधनातून वास्तुविशारदांच्या अहवालांत उतरला. जुन्या अहवालांतील यूजीआर किंवा डीजीआय आजच्या आकड्यांशेजारी मांडायचे असतील, तर प्रोग्रॅमची आवृत्ती आणि उंबरठा कळल्याशिवाय ते करता येत नाही. मूळ एचडीआर फाइल जपलेली असेल तर नव्या किमतीने आदेश पुन्हा चालवणे हाच त्यातला सरळ मार्ग आहे.