लाइट गेली की गोष्ट संपायची

गेम खेळताना कुणी रडतं का, असं परभणीत विचारलं तर लोक आधी हसतील. 2014 साली चुलतभावाच्या प्लेस्टेशनवर मी 'द लास्ट ऑफ अस' संपवला, तेव्हा आईनं मला डोळे पुसताना पाहिलं. म्हणाली, "काय झालं रे, हरलास का?" हरलो नव्हतो. जिंकलो होतो, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. आईला तेव्हा काहीच सांगता आलं नाही. सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा म्हणजे 1983 साली जपानात आलेल्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. भाड्यानं मिळायचा, कॅसेट बदलून खेळायचा. 'कॉन्ट्रा' या गेममधले ते दोघं कोण, कुणावर गोळ्या झाडतायत, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तीन जीव संपले की पहिल्यापासून. त्याआधी लाइट गेली तरी पहिल्यापासून. मराठवाड्यातल्या लोडशेडिंगमध्ये दुसरंच जास्त वेळा व्हायचं. आमच्या कॅसेटला काहीच लक्षात राहत नसे, आणि जिला कालचं आठवत नाही तिच्याकडून गोष्ट ती कसली ऐकणार?

श्रावणात आजी पोथी लावायची. रात्री थांबताना पानात दोरा ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. एका ठरावीक अध्यायाला तिचा आवाज दरवर्षी भरून यायचा, कारण तिथवर ती रोज थोडं थोडं चालत आलेली असायची. गेममध्ये हा दोरा यायला बराच काळ गेला.

कॉम्प्युटरवरची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. 1976 च्या सुमारास अमेरिकेत विल क्राउदर या प्रोग्रामरनं केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून नुसत्या शब्दांचा एक खेळ लिहिला. त्याला गुहांमध्ये उतरायचा नाद होता. नुकताच घटस्फोट झाला होता, आणि मुलींसोबत काहीतरी करता यावं हाही त्या लिहिण्यामागचा हेतू होता. पुढच्या वर्षी डॉन वुड्सनं तो वाढवला. म्हणजे या प्रकाराच्या मुळाशीच एका बापाचं एकटेपण आहे. मला हे कळलं तेव्हा आश्चर्य वाटलं नाही.

1983 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या नव्या कंपनीनं जाहिरात दिली: कॉम्प्युटर तुम्हाला रडवू शकतो का? त्याच वर्षी इन्फोकॉम कंपनीच्या 'प्लॅनेटफॉल' या खेळानं उत्तर देऊन टाकलं. त्यात फ्लॉइड नावाचा पोरकट रोबो खेळाडूसाठी मरतो. पडद्यावर चित्र एकही नाही, फक्त अक्षरं, तरी लोक रडले. तो खेळ फ्लॉपीवर साठवता यायचा, त्यामुळे फ्लॉइडची सोबत एका बैठकीपुरती नव्हती.

टीव्हीला जोडायच्या घरगुती कन्सोलवर 1986 साली 'झेल्डा' हा गेम आला तो डिस्कवर, म्हणजे खेळ साठवता येईल असा. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याची कॅसेट निघाली, तिच्यात खेळ जपणारी छोटी बॅटरी होती. आमच्या नकली कॅसेटमध्ये ती कोण घालणार! 1997 चा 'फायनल फॅन्टसी सेव्हन' तर तीन डिस्कचा. पहिली डिस्क संपता संपता खेळाडूच्या सोबतीची एअरिथ मारली जाते, आणि तोवर खेळाडूनं कित्येक तास तिला सांभाळलेलं असतं.

आमच्याकडं सेव्ह, म्हणजे खेळ होता तिथं साठवून ठेवायची सोय, पोचली ती नेट कॅफेतून, 'व्हाइस सिटी' या गेमसोबत. आठ जागा, आणि खेळणारी पोरं चाळीस. "कोण बे माझी गेम उडवली?" हे वाक्य रोजचं. त्यातला साथीदार लान्स शेवटी आपल्या टॉमीशी, म्हणजे नायकाशी, दगाफटका करतो हे मला फार उशिरा कळलं, कारण शेवटापर्यंत माझी सेव्ह कधी टिकलीच नाही. इंग्रजी संवाद एन्टर दाबून पुढं ढकलायचो तो भाग वेगळाच.

म्हणून 2014 चं ते रडू. 'द लास्ट ऑफ अस'च्या शेवटी नायक लेकीसारख्या झालेल्या मुलीला सोडवायला हॉस्पिटलात शिरतो, डॉक्टर समोर उभा असतो, आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढं सरकत नाही. मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. सिनेमात नायकानं मारलं असतं, मी बघितलं असतं. इथं बटण माझ्या बोटाखाली होतं. गोंधळात, कीर्तनात आपण रडतो ते दुसऱ्याच्या दुःखावर. त्यात आपला हात नसतो.

2015 च्या 'अंडरटेल'नं या सेव्हचाच डाव उलटवला. मायेनं जपणाऱ्या टोरिएलला मारलं, पस्तावलो, जुनी सेव्ह उघडली आणि तिला वाचवलं. लगेच एक फूल येऊन सांगतं, तू काय केलंस ते मला माहीत आहे. पुसलेलंही लक्षात ठेवणारा गेम मी पहिल्यांदा पाहिला.

2017 च्या 'निअर ऑटोमाटा'त याच्याही पुढची गोष्ट आहे. शेवटची लढाई एकट्यानं जवळजवळ जिंकता येत नाही, तेव्हा जगभरातले अनोळखी खेळाडू मदतीला येतात. त्यांनी त्यासाठी आपापली सेव्ह कायमची पुसलेली असते. मग गेम तुम्हाला विचारतो: अशाच कुणा अनोळखी माणसासाठी तुम्ही तुमची द्याल का?

मी 'नाही' दाबलं. दोन दिवस लाज वाटली, पण लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाकडून ते होईना.